बागेची भिंत

आमच्या शहराला बावन्न दरवाजांचं शहर म्हणतात. हे बावन्न कोणी मोजले आणि कधी मोजले, हा वेगळा विषय. मोठ्या वेशी, मधल्या कमानी, माणूस वाकून जाईल अशा खिडक्या असं सगळं धरून ती बेरीज झाली असेल. आज नीट उभे असलेले दरवाजे डझनभराच्या आसपास भरतील. भडकल, मकाई, पैठण, दिल्ली, रंगीन, रोशन, काला, नौबत, बारापुल्ला, महेमूद, कटकट... नावं म्हणताना अजूनही पाढे म्हटल्यासारखं वाटतं. पण एक गोष्ट सहसा कुणी बोलत नाही. दरवाजे राहिले आणि भिंत गेली. आता भिंतच नसेल तर दरवाजा कशाचा? रंगीन दरवाजा बघा. वाहनं त्याच्या बाजूने जातात आणि तो मध्ये उभा, लग्न आटोपल्यावर राहिलेल्या मांडवासारखा.

ही तटबंदी बांधली गेली १६८२ च्या सुमारास. त्याच्या आदल्याच वर्षी संभाजी महाराजांच्या फौजेने बुऱ्हाणपूर लुटलं होतं, आणि पुढचा नंबर आपला या धास्तीत मोगलांचं हे शहर होतं. म्हणजे ज्यांच्या धाकाने भिंत उभी राहिली त्यांचंच नाव आज गावाला आहे आणि भिंत नाही. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली. त्याच्या मृत्यूनंतर, १६२६ मध्ये, मुलाने तिचं फतेहनगर केलं. १६५३ मध्ये औरंगाबाद झालं. १९८८ मध्ये बाळासाहेब ठाकऱ्यांनी संभाजीनगर म्हटलं आणि २०२३ मध्ये ते सरकारी कागदावर आलं. एवढी नावं बदलली, पण खाम नदी तिथेच आहे आणि मे महिन्यातलं ऊनही तेच आहे.

मंडळी, हे ऊन लक्षात ठेवा, कारण आज मला लिहायचंय ते या उन्हाबद्दलच आहे. गावाच्या तटाबद्दल पुष्कळांनी लिहिलंय. बागेच्या भिंतीबद्दल कुणी लिहीत नाही. बागेत माणूस जातो तो फुलं बघायला, नाहीतर मधला महाल किंवा मकबरा बघायला. भिंतीकडे बघायचं काय?

मी शाळेत असताना (म्हणजे शिकवत असताना) दरवर्षी एक सहल बिबी का मकबऱ्याला जायची. पोरं थेट पाण्याच्या कडेने धावत चौथऱ्यावर चढायची आणि मनोऱ्यांखाली फोटोला उभी राहायची. "झालं बाई, बघून झालं." मग एका वर्षी मी त्यांना गणित घातलं. मकबऱ्याचं आवार उत्तर-दक्षिण ४५८ मीटर आणि पूर्व-पश्चिम २७५ मीटर. परिमिती काढा. १४६६ मीटर आली. म्हणजे जवळपास दीड किलोमीटर लांबीची भिंत. क्षेत्रफळ सव्वा लाख चौरस मीटर, म्हणजे साधारण एकतीस एकर. आता सांगा, मकबरा मोठा की भिंत मोठी? सगळे गप्प. त्या दिवशी आम्ही मकबऱ्यावर चढलोच नाही. आतून भिंतीकडेने एक फेरी मारली. एक तास लागला, कारण दर पन्नास पावलांवर कुणीतरी काहीतरी दाखवत होतं.

भिंत उंच आहे, वर कंगोरे आहेत, ठरावीक अंतरावर बुरूज आहेत. किल्ल्याचा भास होतो, पण बुरुजांवर तोफा चढवण्याचा तिथे प्रश्नच नव्हता. आतल्या बाजूने भिंतीला टोकदार कमानींचे कोनाडे केलेत. दोन कोनाड्यांमध्ये अर्धस्तंभ आणि त्यांच्या डोक्यावर छोटे मनोरे. एवढी लांब भिंत सपाट ठेवली असती तर तुरुंग वाटला असता. कोनाड्यांमुळे ती हलकी झाली. दिवसभर त्यांच्यात सावल्या सरकत राहतात, त्यामुळे सकाळची भिंत वेगळी दिसते आणि चारची वेगळी. दक्षिणेला मुख्य दरवाजा. त्याच्या लाकडी दारावर पितळेचा पत्रा ठोकलाय आणि त्यावर दोन नावं कोरलेली आहेत. वास्तुविशारद अताउल्ला आणि अभियंता हंसपतराय. हा अताउल्ला म्हणजे ताजमहालाचा शिल्पकार समजल्या जाणाऱ्या उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा. ज्या बेगमेसाठी हे सगळं उभं राहिलं ती दिलरस बानू १६५७ मध्ये वारली. मोगली इमारतींवर बांधणाऱ्याचं नाव फार क्वचित सापडतं, आणि इथे दोघांची सापडतात. लोक ताजमहालाची गरीब नक्कल म्हणून मकबऱ्याला नाक मुरडतात. मला ती तुलनाच कंटाळवाणी वाटते. आपल्या घरच्या पोळीला रोज शेजारच्या पुरणपोळीशी कशाला तोलायचं?

उरलेल्या तीन भिंतींच्या मधोमध, उत्तर, पूर्व आणि पश्चिमेला, एकेक बारादरी आहे. बारादरी म्हणजे बारा दारं. चौकोनी बांधणीत प्रत्येक बाजूला तीन, असा मूळ हिशोब. पुढे दारांची संख्या कमीजास्त झाली तरी नाव तेच राहिलं. दार म्हणजे तिथे फळी नाही, नुसती कमान. वारा कुठूनही आला तरी त्याला अडवायचं नाही. बागेच्या चार भागांमधून पाण्याचे पाट जातात, आणि जिथे पाट आणि वाट भिंतीला भिडते तिथे बारादरी बांधलेली. म्हणजे चालत आलेला माणूस नुसत्या भिंतीवर आदळत नाही, त्याला बसायला जागा मिळते. तिथे बसून मागे बघितलं की मकबरा मधोमध दिसतो आणि पाण्यावरून आलेला वारा अंगाला लागतो. आमच्या पोरांमधली एक चुणचुणीत मुलगी म्हणाली होती, "बाई, हा तर बागेचा ओटा आहे." याहून चांगली व्याख्या मला पुस्तकात सापडलेली नाही.

भिंत कशासाठी, हा खरा प्रश्न आहे. चोरांसाठी? गुरांसाठी? तेही असेलच. पण आमच्या भागात उन्हाळ्यात जो वारा सुटतो तो धूळ आणि धग घेऊन येतो. मोकळ्या माळावर झाड लावून बघा, आठ दिवसांत पानं करपतात. उंच भिंत घातली की तो कोरडा वारा वरून निघून जातो. आत पाटाचं पाणी, झाडांची सावली, ओली माती, त्यामुळे आतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा निराळी होते. बागेचं पाणी बाहेरच्या हवेने शोषून नेऊ नये म्हणून ही भिंत. तिला रांजणाची जाड बाजू समजा. इराणच्या जुन्या भाषेत भिंतीने वेढलेल्या जागेला जो शब्द होता त्यावरूनच इंग्रजीतला पॅराडाइज आणि अरबी-फारसीतला फिर्दोस आला. वाळवंटातल्या माणसाला स्वर्ग म्हणजे आधी एक चांगली उंच भिंत हवी, मग बाकीचं.

आपल्या मराठीत बागेच्या कडेला शब्द किती आहेत! कोकणात गडगा, देशावर वई, मग कुंपण, आवार. आमच्या मराठवाड्यात पांढऱ्या मातीच्या गढ्या होत्या. दोन-दोन पुरुष जाडीच्या भिंती. गढीचे मालक गेले, गढी ढासळली, आणि गावाने ती पांढरी माती गाडीगाडीने नेऊन शेतात घातली. चांगलं खत होतं म्हणे ते. माझ्या आजोळची गढी अशीच हळूहळू कापसात आणि ज्वारीत गेली. त्याचं मला फार वाईट वाटत नाही. मातीची भिंत मातीत गेली. दगडाचुन्याच्या भिंतीचं तसं होत नाही, ती पडते तेव्हा नुसता राडारोडा होतो.

आता थोडं साहेबाच्या देशात जाऊ. माझा एक भाचा तिकडे स्थायिक आहे. त्याने मागे तिकडच्या जुन्या हवेल्यांच्या बागांचे फोटो पाठवले आणि खाली लिहिलं, "मावशी, बघ कशा जपल्यात भिंती, नाहीतर आपल्याकडे!" हे 'नाहीतर आपल्याकडे' मला झोंबलं आणि मी वाचायला बसले. वाचताना मजा आली. कारण इंग्रजांच्या बागेची भिंत आपल्या भिंतीच्या नेमकं उलटं काम करते. आपण ऊन बाहेर ठेवायला भिंत घालतो, त्यांनी ऊन साठवायला घातली. विटांची उंच भिंत दिवसभराचं ऊन पिते आणि रात्री ते हळूहळू सोडते. दक्षिणेकडे तोंड केलेल्या भिंतीला पीच, जर्दाळू अशी उबेची झाडं टेकवायची, त्यांच्या फांद्या पंख्यासारख्या पसरून भिंतीला खिळ्यांनी बांधायच्या. झाड म्हणजे जणू भिंतीवर वाळत घातलेली चादर. तेवढ्याने भागेना तेव्हा अठराव्या शतकात त्यांनी पोकळ भिंती बांधल्या, आत धुराड्याची वळणं ठेवली आणि खाली आग पेटवून चक्क भिंतच तापवायला सुरुवात केली. फळाला ऊब मिळावी म्हणून भिंतीला चूल! आमच्याकडे मे महिन्यात हे कुणाला सांगितलं तर वेड्यात काढतील.

सफोक भागात म्हणे नागमोडी भिंती आहेत. सरळ भिंत एका विटेच्या जाडीची बांधली तर वाऱ्याने पडेल, पण तीच सापासारखी वळवत नेली की वळणाच्या जोरावर आधाराशिवाय उभी राहते आणि विटा वाचतात. कंजुषीतून आलेलं सौंदर्य म्हणायचं. आणि दुसरी एक भिंत तर खंदकात लपवलेली. घराच्या खिडकीतून बघणाऱ्याला वाटावं की आपली हिरवळ थेट क्षितिजापर्यंत गेलीय. गुरं मात्र आत येऊ शकत नाहीत, कारण मध्ये खणून घेतलेली भिंत आहे. तिचं नाव 'हा-हा'. खरंच हे नाव आहे, माझी थट्टा नाही.

आणि ज्या अठराव्या शतकात या लपवलेल्या भिंतींची फॅशन आली, त्याच शतकात केपेबिलिटी ब्राऊन नावाच्या एका बागवाल्याने आणि त्याच्यासारख्यांनी इंग्लंडातल्या कितीतरी जुन्या बागांच्या भिंती, चौक, वेशी पाडून सगळीकडे गवताच्या लाटा केल्या. पुढे विसाव्या शतकात तर हवेल्याच पडू लागल्या. कर वाढले, नोकर मिळेनात, मालकांना छप्पर झेपेना. एक हजाराहून जास्त घरं पाडली गेली. १९७४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात या पडलेल्या घरांचंच एक प्रदर्शन भरलं आणि लोक हळहळले. म्हणजे 'जपल्यात' हे जे आज दिसतं ते बरंच काही गमावल्यानंतरचं शहाणपण आहे. भाच्याला मी हे सगळं सविस्तर लिहून पाठवलं. त्याने अंगठा पाठवला. असो.

त्या फोटोंमधला एक मात्र मी अजून जपून ठेवलाय. सॉमरसेटमधलं माँटेक्यूट नावाचं घर, साधारण १६०० सालचं, म्हणजे आमच्या खडकीहून जेमतेम दहा वर्षांनी मोठं. पिवळसर दगडाचं. घरासमोर भिंतीने वेढलेलं अंगण आणि त्याच्या दोन कोपऱ्यांवर दोन इवल्या दुमजली कोठ्या. त्यांची छपरं वक्र, खालून फुगीर आणि वर निमुळती. राहायला नाहीत, स्वयंपाकाला नाहीत. नुसतं बसायला, बाहेर बघायला. हे घरही १९२९ मध्ये विक्रीला निघालं होतं, मोडीच्या भावात जायची वेळ आली होती. अखेर प्रवास कंपनीवाल्या थॉमस कुकचा नातू अर्नेस्ट कुक याने पैसे घातले आणि १९३१ मध्ये ते नॅशनल ट्रस्टकडे गेलं. पर्यटनातून कमावलेल्या घराण्याचा पैसा एका पर्यटनस्थळाला लागला, हे मला फार आवडलं.

तो कोपऱ्यातल्या कोठीचा फोटो बघताच माझ्या डोळ्यांपुढे खुलताबाद आलं. बनी बेगमेची बाग.

खुलताबादला लोक कशाकशासाठी जातात. श्रावणातल्या शनिवारी आमच्या शहरातून माणसं रात्रभर चालत भद्रा मारुतीला जातात. दर्ग्यांना जाणारे जातात. औरंगजेबाची कबर बघायला जाणारे जातात. २०२५ च्या मार्चमध्ये ती कबर हटवण्याच्या मागणीवरून केवढं रान उठलं, गावात पोलिस बंदोबस्त लागला, टीव्हीवाल्यांच्या गाड्या आल्या. एवढ्या गर्दीतला किती टक्के माणूस त्याच गावातल्या बनी बेगमेच्या बागेत डोकावला असेल? मी गेले तेव्हा दोन शेळ्या आणि एक पहारेकरी, एवढीच वस्ती होती. बनी बेगम ही औरंगजेबाच्या एका मुलाची बेगम. मोठी चौकोनी बाग, मधोमध तिची कबर आणि तिच्याभोवती जाळीचा पडदा. समोरच्या भिंतीत दरवाजा, त्याच्या बरोबर समोरच्या बाजूला मशीद आणि उरलेल्या दोन भिंतींमध्येही इमारती. आणि चार कोपऱ्यांवर चार छोट्या बसायच्या छत्र्या, बंगाली छपराच्या.

हे बंगाली छप्पर म्हणजे काय ते सांगायला हवं. बंगालात पाऊस धो धो. तिथला गरीब माणूस बांबू वाकवून त्यावर गवत घालतो. बांबू वाकल्यामुळे छपराची कड दोन्ही टोकांना खाली झुकते, धनुष्यासारखी, आणि पाणी पटकन निथळतं. झोपडीचा हा आकार मोगलांना इतका आवडला की त्यांनी तो दगडात आणि चुन्यात केला. दगडाला वाकायची काही गरज नसते, तरी तो वाकवला. दिल्ली-आग्र्याहून तो आकार औरंगजेबाच्या माणसांबरोबर दख्खनला आला. आमच्याकडे पाऊस किती पडतो ते तुम्हाला माहीत आहेच. तरी आमच्या कोरड्या माळावर बंगालच्या पावसाची आठवण घेऊन चार छत्र्या उभ्या आहेत. बंगालच्या त्याच घराचं नाव पुढे इंग्रजांनी उचललं आणि त्याचा बंगला झाला. साताऱ्या-नगरपासून थेट इंग्लंडच्या समुद्रकाठापर्यंत लोक बंगले बांधत सुटले.

आणि गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. ग्लॉस्टरशायरमध्ये सेझिनकोट नावाचं एक घर आहे, १८०५ च्या सुमाराचं. कंपनी सरकारच्या नोकरीत इथे गडगंज झालेला चार्ल्स कॉकरेल मायदेशी परतला आणि त्याचा भाऊ सॅम्युएल पेपिस कॉकरेल याने त्याला हे घर बांधून दिलं. वर घुमट, कोपऱ्यांवर छत्र्या, उन्हाला अडवणारे रुंद छज्जे. ऊन तिथे कुठून येणार, पण छज्जे आहेत. बाजूला वळत गेलेलं काचेचं फळझाडांचं दालन आणि त्याच्या टोकाला अष्टकोनी कोठी. बागेतल्या पुलावर तर चक्क नंदी बसवलेत! या बागेच्या कामात सल्ला दिला तो टॉमस डॅनियल या चित्रकाराने. आणि याच डॅनियलने जेम्स वेल्सने काढलेल्या वेरूळच्या लेण्यांच्या चित्रांचा ग्रंथ १८०३ मध्ये प्रसिद्ध केला होता. वेल्स म्हणजे पुण्यात सवाई माधवरावांचं चित्र काढणारा, १७९५ मध्ये इकडेच वारलेला. वेरूळ खुलताबादपासून हाकेच्या अंतरावर. म्हणजे आमच्या डोंगरातल्या दगडांची ओळख असलेला माणूस इंग्रजाच्या बागेत नंदी कुठे बसवायचा ते सांगत होता. मला हे कळलं त्या रात्री झोप आली नाही, खोटं कशाला सांगू.

खुलताबादेत आणखी एक बाग आहे, लाल बाग. लाल दगडामुळे ते नाव. ही आकाराने लहान, पण तिलाही चारही कोपऱ्यांवर छत्र्या आणि आत हौद. ती खानजहानची मानतात. खानजहान म्हणजे औरंगजेबाचा दूधभाऊ, दख्खनचा सुभेदार. आमच्या पिढीने शाळेत वाचलेला पेडगावचा बहादूरखान कोकलताश तो हाच. शिवाजी महाराजांच्या माणसांनी त्याला हूल देऊन खजिना आणि घोडे नेले ती गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, आणि 'वेड पांघरून पेडगावला जाणे' हा वाक्प्रचारही लोक त्याच प्रसंगाला जोडतात. म्हणीत फजिती आणि बागेत नाव, असं दोन्ही एकाच माणसाच्या वाट्याला आलं.

पण हवेली, वेस, बाग असं सगळं एका जागी बघायचं असेल तर खुलताबादपर्यंतही जायला नको. आमच्या विद्यापीठाच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी, पहाडसिंगपुऱ्यात सोनेरी महाल आहे. औरंगजेबाबरोबर दख्खनला आलेल्या पहाडसिंग नावाच्या बुंदेल्या सरदाराने तो १६५१ ते १६५३ या काळात बांधला. असे बरेच रजपूत सरदार आले आणि तटाबाहेर आपापले पुरे वसवून राहिले. पदमपुरा, कर्णपुरा, जयसिंगपुरा ही त्यांचीच नावं. कर्णपुऱ्याच्या देवीच्या यात्रेला आपण जातो, तो कर्ण म्हणजे बिकानेरचा कर्णसिंह. सोनेरी महालाच्या भिंतींवर एकेकाळी सोन्याच्या रंगातली चित्रं होती म्हणून सोनेरी. त्याची पुढची वेस मोठी भारदस्त आहे, हत्तीखाना म्हणतात तिला. वेशीतून आत गेलं की एकदम महाल दिसतो, मागे डोंगर दिसतो आणि मधलं सगळं अंगण बागेचं. शहरात घर असूनही माणसाला शहराबाहेर, डोंगराच्या गार अंगाला एक जागा हवी असते, हे इंग्रज जमीनदाराला जसं वाटलं तसंच बुंदेल्यालाही. आता तिथे राज्य सरकारचं संग्रहालय आहे. त्या अंगणात मी वेरूळ-अजिंठा महोत्सवात गाणं ऐकलंय. भिंतीमुळे सूर बाहेर सांडत नाहीत हे तेव्हा कळलं.

उन्हाळी जागांचा विषय निघालाच आहे तर देवगिरीची बारादरी सोडून चालणार नाही. किल्ल्याची अंधारी वाट संपवून धापा टाकत वर पोचलं की ती येते. १६३६ मध्ये शहाजहान इकडे आला त्या वेळची ती मानतात. आणि नगरचा फराह बाग (२०२४ पासून अहिल्यानगर). मोठ्या तळ्याच्या मधोमध अष्टकोनी महाल, निजामशाहीतला, १५८३ मध्ये पुरा झालेला. आधी एकाने बांधला तो सुलतानाला आवडला नाही म्हणून पाडला आणि सलाबतखानाने पुन्हा नीट बांधून काढला, असं सांगतात. तिथे बागेला भिंतीची गरजच नव्हती, भोवतीचं पाणी हीच भिंत. तळं आटलं आणि ती भिंत सर्वांत आधी गेली.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला घेतलं ती सांगते.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे वडील गवंडी होते, चुन्याचं काम जाणणारे. त्यांनी मला एकदा जुन्या भिंतीसमोर उभं करून शिकवलं होतं. चुना आधी पाण्यात भिजत ठेवायचा, दिवसचे दिवस. मग वाळूबरोबर घाणीत मळायचा. त्यात गुळाचं पाणी, बेलफळाचा चीक, कुणी मेथी, कुणी उडदाचं पीठ घालतं. असा चुना लगेच घट्ट होत नाही, वर्षानुवर्षं हळूहळू दगड होत जातो. आणि तो श्वास घेतो, हा त्यांचा शब्द. पावसाळ्यात भिंतीत शिरलेली ओल उन्हाळ्यात त्यातून बाहेर पडते. त्याच भिंतीला कुणी वरून सिमेंटचा गिलावा केला की ओल आत कोंडते, क्षार वर येतात, आतली वीट भुसभुशीत होते आणि चार-पाच पावसाळ्यांनंतर सिमेंटचा पापुद्रा वीट सोबत घेऊनच पडतो. "बाई, औषध म्हणून विष पाजतात," ते म्हणाले होते.

ते गेले. मुलगा टाइल्सचं काम करतो, बरा कमावतो, त्याला मी दोष देणार नाही. पण मधल्या काळात मी एका जुन्या बागेच्या भिंतीवर (कुठली ते सांगत नाही, उगाच कुणाची नोकरी धोक्यात नको) ताजा करडा सिमेंटचा पट्टा बघितला आणि पोटात गोळा आला. भिंत पाडली असती तर ओरड झाली असती, बातमी आली असती. दुरुस्तीची बातमी होत नाही. स्मार्ट सिटीच्या योजनेतून शहरातल्या काही दरवाजांची डागडुजी झाली, ते बघून मला बरंच वाटलं. पण दरवाजाला निदान नाव असतं. तो चौकात असतो, त्याच्यावरून रिक्षावाल्याला पत्ता सांगतात. भडकल दरवाजाजवळ बाबासाहेबांचा पुतळा आहे, जयंतीला तिथे माणसांचा समुद्र लोटतो. त्या दरवाजाकडे कुणाचं तरी लक्ष राहणारच. बागेच्या भिंतीला नाव नसतं. दीड किलोमीटरमधले चार मीटर ढासळले तर कुणाला कळणार? आधी एक दगड निसटतो, त्या खाचेतून शेळी जाते, मग पोरं जातात, मग वाट पडते. एकदा वाट पडली की ती बाग राहत नाही, मोकळा प्लॉट होतो. दिल्ली दरवाजाबाहेरची हिमायत बाग त्या मानाने नशीबवान. तिथे मराठवाडा कृषी विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र आहे, आंब्याची झाडं आहेत, त्यामुळे बागेला निदान बागेचं काम आहे.

मला कधीकधी विचारतात, मोगलांच्या भिंतींचा एवढा कळवळा कशाला? विचारणारे परके नाहीत, आमच्या घरातलेच आहेत आणि ब्लॉगही वाचतात, म्हणून इथेच उत्तर देते. संभाजी महाराजांचं नाव गावाला लागलं तेव्हा मला आनंद झाला, आणि त्यांना पकडून आणलं ते पेडगाव, त्यांच्यावर झाला तो अत्याचार, हे वर्गात शिकवताना माझा आवाज दरवर्षी बसायचा. पण भिंत बांधली ती बादशहाने नाही. बादशहाने हुकूम दिला. घाणीला बैल जुंपले ते इथल्या माणसाने, बेल जमवले ते इथल्या बायकांनी, ओळंबा धरला तो कुणा गवंड्याने, ज्याचं नाव पितळी पत्र्यावरही नाही. मी जपा म्हणते ते त्याचं काम. आणि एवढं करूनही पटलं नाही तर निदान चुन्याच्या भिंतीला सिमेंट लावू नका, एवढं तरी ऐका.

दिवाळीनंतर बाहेरगावची मंडळी येतील. दरवेळी ठरलेलं असतं, वेरूळ, मकबरा, पाणचक्की आणि पैठणीची खरेदी. या वेळी एक सकाळ मला द्या. नऊच्या आत निघू. दौलताबादच्या घाटात पेरू आणि सीताफळं मिळतील, ती घेऊ. भद्रा मारुतीचं दर्शन घेऊ आणि मग बनी बेगमेच्या बागेत जाऊ. ज्यांना गुडघ्यांचा त्रास आहे त्यांनीही यावं, तिथे चढण नाही, कोपऱ्यातल्या छत्रीत बसता येतं. सतरंजी मी आणते. पाणी मात्र आपापलं घ्या, तिथली कारंजी केव्हाच बंद झालीत.